आवतण नसलेली सभा

ये गं शुभे, अशी जवळ बस. आणि तो मोबाईल पालथा घाल आधी. पिंपळे गुरवहून आमच्या गावाला यायला किती वेळ लागतो ते मला सांगू नकोस, ट्रॅफिकची सगळी कारणं मला पाठ आहेत. गेल्या दिवाळीला येते म्हणालीस, संक्रांतीला येते म्हणालीस, आणि भेटलीस ती थेट परक्याच्या बारशात. तिथं तुझ्या सासूबाईंनी विचारलं, "या तुझ्या मावशी काय करायच्या?" तर तू काय सांगितलंस? "मावशी समाजमंदिरात सतरंज्या घालायची." ऐकलं बरं का मी. कान अजून शाबूत आहेत.

खोटं नाही ते. सतरंज्या मी घातल्या, झटकल्या, उंदरांनी कुरतडल्या तेव्हा शिवल्यासुद्धा. पण सतरंजी घातल्यावर तिच्यावर काय होतं, ते तू सख्खी भाची असून कधी विचारलं नाहीस. ते विचारलं या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी. म्हणून त्यांच्या निमित्तानं, तू जवळ बसलीयस असं समजून, तुलाच सांगते. बाकीच्यांनी ऐकलं तर माझी हरकत नाही.

गावाचं नाव मात्र लिहीत नाही. चाकणच्या पट्ट्यातलं आहे, महाळुंगे नाही आणि निघोजेही नाही, एवढं पुरे. नाव लिहिलं तर पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय माझाच निघायचा.

तर माझं काम. एका संस्थेनं आमच्या गावात वस्ती केंद्र काढलं आणि मला केंद्रसेविका नेमलं. शाळा माझी सातवीत सुटली. पुढं जे काही शिकले ते लोकांशी बोलून, आणि पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून, जाहिरातींसकट. केंद्र म्हणजे समाजमंदिराच्या बाजूची एक छोटी खोली, एक कुरकुरणारा पंखा आणि मी. लोक यायचे, अडचण सांगायचे. नळाला पाणी नाही. रेशनकार्डावर सुनेचं नाव नाही. गटार तुंबलंय. खांबावरचा दिवा गेलाय.

बाहेरच्याला वाटतं, मावशी लोकांची कामं करून द्यायच्या. उलट आहे. लोकांचं काम आपण करायचं नाही, हेच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघ एकदा. समोर माणूस रडकुंडीला आलेला असतो, फोन आपल्या हाताशी असतो, दोन वाक्यांत काम होणार हे आपल्याला माहीत असतं. तरी फोन त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "बोला." पण आपण बोललो तर दिवा एकदाच लागतो. तो बोलला तर पुढच्या वेळी तो आपल्याकडे येतच नाही. आपल्याकडे कोणी न येणं, यातच आमच्या धंद्याची बरकत.

दिव्यावरून आठवलं. गायकवाडमामा म्हणून होते, उदगीरकडचे, कंपनीत वेल्डर. त्यांच्या गल्लीतला खांबावरचा दिवा गेलेला. दर गुरुवारी यायचे. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही, हे तुम्हा ऑफिसवाल्यांना सांगावं लागतं. आले की एकच, "मावशी, तुमीच लावा की फोन. तुमचं ऐकतेत. आमी भाड्यानं राहणारी माणसं."

"मामा," म्हटलं, "खांब भाड्याचा आहे का? अंधारात पाय घसरला तर खड्डा विचारतो का, मालक आहेस का भाडेकरू?"

हसले. मग आम्ही सराव केला. मी साहेब झाले, ते मामाच राहिले. शेवटी एका गुरुवारी त्यांनी खरा फोन लावला. लावताना उभे राहिले, टोपी काढून काखेत धरली, आणि पलीकडून आवाज आल्याबरोबर म्हणाले, "साहेब, चूक झाली, माफी असावी, पण आमच्या गल्लीतला दिवा बंद हाय." मी पदर तोंडात कोंबला. पण दिवा लागला हो! आणि दिवा लागला तसे मामाही लागले. गटार, मोकाट कुत्री, रस्त्यावर आडवे लावलेले कंटेनर, काही सोडायचे नाहीत. ग्रामपंचायतीतला शिपाई एकदा मला हात जोडून म्हणाला, "मावशी, ह्यांना परत मुकं करता येतंय का बघा."

हे 'आम्ही भाड्यानं राहणारी माणसं' प्रकरण काय ते तुला सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमची जुनी शेतकरी घरं. जमिनी गेल्या, कंपन्या आल्या, उरल्या तुकड्यावर प्रत्येकानं खोल्या काढल्या. एकीला एक चिकटलेल्या, वर पत्रा, दाराबाहेर पाण्याचं पिंप. आमच्याही आहेत, लपवत नाही. त्यात राहतात हिंगोली, नांदेड, लातूर, बीडकडची माणसं. गावाच्या तोंडी त्यांचं नाव 'खोल्यावाले'. मुलं इथं जन्मली, स्वतः मतदान इथं करतात, गाडीचा एकेक भाग यांच्या हातून जातो, पण गावात काही ठरायचं असलं की हे लांब उभे. गावानं 'लांब राहा' म्हटलं असं नाही. त्याची गरजच पडायची नाही, ते आपणहून उभे राहायचे.

आणि समाजमंदिराची किल्ली होती अण्णांच्या घरी, देवघराशेजारच्या खिळ्याला. अण्णा म्हणजे माझे चुलतदीर, भावकीतले थोरले, खोल्यांच्या दोन चाळींचे मालक. माणूस सरळ, जीभ वाकडी. समाजमंदिराच्या मोठ्या हॉलात जत्रेच्या मांडवाचे बांबू, कढया, भोंगे ठासून भरलेले. सगळ्या गावाचा हॉल, पण बाजूची खोली सोडून मला काही हवं असलं तर अण्णांकडं किल्ली मागायची. द्यायचे. नाही असं नाही. पण देताना चेहरा असा, की पोरगी सासरी पाठवतोय.

आता रेखा. हिंगोलीकडची, अण्णांच्या चाळीत राहायची. ती गाड्यांच्या वायरी जोडणाऱ्या कंपनीत पहिल्या शिफ्टला, नवरा संतोष तिसऱ्या शिफ्टला. ती पहाटे बसला निघायची, तो नंतर घरी यायचा. मधल्या वेळात त्यांची तीन वर्षांची परी आत झोपलेली, दाराला बाहेरून कुलूप, एक किल्ली शेजारणीकडं. नाक मुरडू नकोस शुभे. अर्ध्या चाळीचं हेच होतं. दोघांनी कमावल्याशिवाय भागत नाही आणि सांभाळायला माणूस नाही. उरलेल्या अर्ध्यांनी पोरं गावाकडं आजीपाशी ठेवलेली. अशी किती लेकरं मी एसटीच्या खिडकीतून हात हलवत जाताना बघितली. एक मुलगी सुट्टीला परत आली, ती आजीला 'आई' म्हणायची आणि जन्मदातीला 'पुण्याची बाई'. तिची आई माझ्या खोलीत येऊन बसायची, काही मागायची नाही, नुसती पंख्याकडं बघत बसायची. माझ्याकडं त्यावर उपाय नव्हता. सराव करून बोलण्यासारखं ते दुखणं नव्हतं. ते मला अजून लागतं.

एका सकाळी संतोष कामावरून आला. कुलूप काढलं, दार ढकललं, तर दार उघडेना. परीनं आतून कडी घातलेली! नुकतीच बादली पालथी घालून उंच हात पोचवायला शिकली होती. हाका मारल्या, ताट वाजवलं, आतून हूं नाही की चूं नाही. खोलीला खिडकी नाही, वर हातभर झरोका. कोणीतरी म्हणालं, गॅस तर नाही ना सुटला? झालं, सगळी चाळ गोळा. मी एका पायात चप्पल घालून पळाले.

जाऊन बघते तर काय, संतोष दारावर दोन्ही हात टेकून उभा. घामानं थबथबलाय, पण नुसता उभा.

"अरे तोड ना दार!"

"मालकाला फोन लावलाय मावशी. येऊलालेत ते. त्यांना विचारल्याबगर कसं तोडावं?"

स्वतःचं लेकरू आत, आणि बाप मालकाच्या परवानगीची वाट बघत उभा. मी त्याला बोलणार, एवढ्यात अण्णा आले. अंगात बंडी, दाढीला अर्धा साबण. एका नजरेत त्यांनी बघितलं आणि ओरडले, "कोनाची वाट बघताय रं! माजी? व्हा बाजूला!" आणि स्वतःच्या दाराला स्वतः लाथ घातली. एक, दोन, मग कोणाच्या तरी हातातली पहार घेऊन बिजागरीच उपटली.

परी गव्हाच्या डब्यामागं झोपली होती. बिस्किटाचा पुडा फस्त, हनुवटीला चुरा. एवढी माणसं बघून तिनं जो भोंगा लावला, तो ऐकून अख्खी चाळ हसायला लागली आणि हसता हसता बायका डोळे पुसायला लागल्या. अण्णा उंबऱ्यावर बसले. गालावरचा साबण बंडीनं पुसला. आणि थोड्या वेळानं काय म्हणाले माहितेय? "दार गेलं माजं."

रेखानं कंपनीतून आल्यावर परीला सोडलं नाही, काखेत घेऊनच स्वयंपाक केला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आली. "मावशी, भावाला बोलावलंय. पुढल्या शुक्रवारी येऊन लेकराला हिंगोलीला नेईल. कपडे भरून ठेवले." एवढं बोलली आणि पंख्याकडं बघत बसली. शुभे, तो पंख्याकडं बघणारा चेहरा मला दुसऱ्यांदा बघायचा नव्हता.

संस्था पाळणाघर काढायला तयार होती. सांभाळणाऱ्या बायका तयार होत्या. पाहिजे होती फक्त जागा, आणि जागा होती अण्णांच्या खिळ्याला. मी गेले.

"अण्णा, हॉल द्या पाळणाघराला."

"न्हाई. बांबू कुटं ठेवू, डोक्यावं? आज पोरं आनतील, उद्या संसार आनतील. आन् ती काय आपल्या गावची हायत व्हय?"

"परवा दार तोडताना विचारलं नाही ते?"

"ते येगळं," म्हणाले, आणि पेपर वर केला.

मग राहिली ग्रामसभा. आता ग्रामसभा म्हणजे गावातल्या सगळ्या मतदारांची सभा. निवडून आलेल्यांची नव्हे, सगळ्यांची. तिच्या आधी बायकांची वेगळी महिला सभा होते. तिथं आमचा ठराव पास झाला, कारण सुनांना लेकरांचं कळतं. पण पक्का व्हायचा तो ग्रामसभेत. ग्रामसेवक भाऊसाहेबांच्या मागं लागून मी सभा गुरुवारी घ्यायला लावली, म्हणजे खोल्यावाल्यांना सुट्टी. चाळीत दारोदार सांगितलं. रेखानं विचारलं, "मावशी, गुरुवारी ठरलं तर भावाला काय सांगू?"

"सांग, जेवायला ये. लेकरू न्यायला नको."

"आणि नाही ठरलं तर?"

कपड्यांची पिशवी तिनं सोडली नव्हतीच.

गुरुवार उजाडला. अण्णांनी किल्ली आणून हॉल उघडला, बांबू एका भिंतीला सारले, मी सतरंज्या घातल्या. हो, त्याच सतरंज्या. पण माणसंच येईनात! त्या दिवशी भावकीत शेजारच्या गावाला लग्न, निम्मं गाव तिकडं जेवायला. टेबलामागं सरपंच आणि भाऊसाहेब, समोर अण्णा आणि इनमिन म्हाताऱ्या मंडळींची एक रांग. ठरलेली किमान माणसं हजर नसली तर ग्रामसभा होत नाही, तहकूब करावी लागते. भाऊसाहेब घड्याळाकडं बघायला लागले.

"तहकूब करावी लागेल," ते म्हणाले.

"करा की," अण्णा म्हणाले. "फुडल्या टायमाला बगू."

पुढचा टाइम म्हणजे कधी, कोणास ठाऊक. शुक्रवार मात्र उद्यावर आलेला. मला असा राग आला! सगळी चाळ येते म्हणाली होती. गेली कुठं ही माणसं?

दारात येऊन बघते तर समोर. रस्त्याच्या पलीकडं, दूध डेअरीच्या भिंतीला लागून सगळेच्या सगळे उभे. पुरुषांचे इस्त्रीचे शर्ट, बायकांच्या ठेवणीतल्या साड्या, पोरांचे तेल लावून चापून बसवलेले भांग. लग्नाला आल्यासारखे नटून, आणि लग्नाला न बोलावल्यासारखे उभे.

मी रस्ता ओलांडला. "अहो, इथं काय करताय?"

सगळ्यांनी मामांकडं बघितलं. शेवटी गायकवाडमामाच म्हणाले, फोनवर सगळ्या खात्यांना भिडणारे गायकवाडमामा, "तुमी सांगितलंत, पण गावाचं आवतण न्हाई आलं मावशी. तुमच्या शिपायानं देवळाच्या बाजूनं हाळी घातली, आमच्याकडं कुणी आलं न्हाई. दुसऱ्याच्या गावच्या कार्यात बिनबोलावता कसं शिरावं? बोलावतेल मग जावं म्हनलं."

आत सभा मोडायला आली होती माणसं नाहीत म्हणून, आणि बाहेर माणसं उभी होती बोलावलं नाही म्हणून. हसावं की डोकं आपटावं! 'चला रे' म्हणून हाताला धरून ओढावं, असं अगदी ओठांवर आलं. पण ओढून नेलं की आतही माझ्या मागंच उभे राहिले असते. आणि वेळ तर चाललेला. मी म्हटलं, "हे बघा, हे माझ्या घरचं लग्न नाही. मी कोण आवतण देणारी? मतदान कुठं करता तुम्ही?"

"हितंच की."

"मग पाहुणे कसले? यजमान आहात. मांडवाचा यजमान रस्त्यावर उभा राहून आवतणाची वाट बघतो का? आत भाऊसाहेब सभा मोडताहेत. मी चालले, मला बसायचंय." आणि वळले. खरं सांगते, पाठ फिरवून तो रस्ता ओलांडताना एकच डोक्यात. मागं कोणी आलं नाही तर? मी वळून बघितलं नाही.

पायरीशी आले आणि मागं परीचा आवाज आला, "आई, चप्पल काढायची?"

रेखा होती. परी कडेवर. तिच्यामागं संतोष, त्याच्यामागं गायकवाडमामा, आणि मग सगळा रस्ताच. पायरीशी चपलांचा ढीग झाला. आत येऊन सगळे सतरंजीच्या अगदी कडेला बसले, जणू मधली जागा ओली आहे. भाऊसाहेब उठून माणसं मोजायला लागले आणि मोजता मोजता त्यांचा चेहराच उजळला.

"कोन ही?" अण्णांनी विचारलं. माहीत असून विचारलं.

"मतदार," भाऊसाहेब म्हणाले. "सभा होते अण्णा. बसा."

पाळणाघराचा विषय आला. अण्णा उठले. बांबूंचं गाऱ्हाणं झालं, कढयांचं झालं. मग म्हणाले, "आज हॉल मागत्यात. उद्या म्हनतील सरपंच बी आमचाच."

"उद्या न्हाई अण्णा," गायकवाडमामा बसल्या जागेवरून म्हणाले, "इलेक्शनला टाइम हाय अजून." सभा खो खो हसली. सरपंचांना हसावं की नाही कळेना.

हसू ओसरलं तशी रेखा उभी राहिली. शुभे, मी तिचा सराव घेतला नव्हता. तिला फोनवर बोलायलाही मी कधी शिकवलं नव्हतं. तिनं पदर नीट केला आणि अण्णांकडं बघून बोलली. सरपंचांकडं नाही, अण्णांकडंच.

"अण्णा, दार तुमचं होतं. तुम्हीच तोडलात. तेव्हा लेकरू कोणत्या गावचं ते तुम्ही विचारलं नाही. उद्या माझा भाऊ येऊलालाय तिला न्यायला. तिला न्यायचं का ठेवायचं, ते आज तुम्ही सगळ्यांनी सांगा. एवढंच." आणि बसली.

परी बांबूंच्या ढिगावर चढायला बघत होती. अण्णा तिच्याकडं बघत राहिले.

"ते दार," अण्णा म्हणाले, "नीट बसतंय का आता?"

"नाही. खाली घासतंय."

"मग सांगायचं न्हाई व्हय? सुतार धाडतो." आणि खाली बसले. बांबूंचं नाव पुन्हा काढलं नाही.

भाऊसाहेबांनी हात वर करायला सांगितलं. हात वर झाले. चाळीतले झाले, आणि म्हाताऱ्यांच्या रांगेतलेही बरेच. अण्णांनी हात वर केला नाही. आजही बजावून सांगतात, "म्या मत दिलं न्हाई." पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉल झाडायला गेले तर दार उघडं. आत अण्णा आणि संतोष, दोघं बांबू खांद्यावर घेऊन बाहेर काढताहेत. तिसऱ्या शिफ्टचा तो पोरगा आणि हे सत्तरीचे. "अडकला बग, तिरका धर! तिरका! शाळंत गेलावता का न्हाई?" आणि संतोष हसत होता. अण्णांसमोर मोठ्यानं हसलेला मी त्याला तेव्हाच पहिल्यांदा बघितला.

रेखाचा भाऊ आला. हॉल बघितला, पोटभर जेवला, भाचीचा मुका घेतला आणि रिकाम्या हातानं हिंगोलीला परतला. एवढ्या आनंदानं रिकाम्या हातानं जाणारा पाहुणा मी दुसरा बघितला नाही. कपड्यांची पिशवी रेखानं त्याच दिवशी सोडली आणि धुऊन वाळत घातली. दोरीवर तिला बघून मला जे हायसं वाटलं, ते काही लिहिता येत नाही.

आता मी निवृत्त झालेय. केंद्र दुसरी मुलगी बघते, माझ्यापेक्षा चांगलं. पाळणाघर चालू आहे. किल्ली रेखाकडं असते. सुरुवातीला ती रोज संध्याकाळी अण्णांच्या खिळ्याला लावून यायची. मग अण्णांनीच सांगितलं, "रोज रोज माज्या दारात येऊ नगं, च्या करावा लागतोय." स्वतः मात्र दुपारी हॉलात चक्कर मारतात. छप्पर गळतंय का बघायला, म्हणे. उन्हाळ्यातसुद्धा.

सगळं साधलं असं नाही. पट्ट्यात अजून किती चाळी आहेत आणि किती दारांना बाहेरून कुलपं आहेत. 'पुण्याची बाई' म्हणवून घेणारी ती आई खोली सोडून गेली, तिला हा हॉल बघायला मिळाला नाही. पण आता ग्रामसभा असली की शिपाई चाळीच्या तोंडाशीही हाळी घालतो. आणि एखादवेळी विसरला, तरी माणसं येतात.

तू तुमच्या सोसायटीच्या मीटिंगला जातेस का गं? नाही ना? 'कोणी बोलावत नाही' म्हणतेस. मला माहीतच होतं.

तर आता ऊठ आणि ये इकडं. लवकर ये, थंडी पडायच्या आत. गुरुवार सोडून ये बरं का, गुरुवारी आया घरी असतात आणि हॉल रिकामा असतो. बाकी कधीही ये. पायरीशी चपला काढ आणि सरळ आत ये. सतरंजी मी घालून ठेवते, कडेला मात्र बसायचं नाही.